काका, एक जगा ठैरो ना!

बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे मिरवतो, आणि मग त्यातल्याच एखाद्या दरवाजात पाहुण्यांसकट अडकतो. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा घ्या. एका संध्याकाळी मी गाडी घेऊन अलीकडून कमानीत शिरलो, पलीकडून एक रिक्षा. दोघं थांबलो. मग सभ्यपणा सुचला, तोही दोघांना एकदमच: दोघं मागे गेलो. वाट मोकळी दिसताच दोघं पुढे आलो. तिसऱ्या फेरीला रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं, "काका, एक जगा ठैरो ना!"

हा काका पोटासाठी प्रोग्रामिंग करतो, आणि ऑफिसात दिवसभर याच भानगडीत होता. आमच्याकडे अशा कमानीच्या कुलपाला म्युटेक्स म्हणतात. एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधलं एक चालू काम) आत, बाकीचे दाराशी. १९६५ साली डाइक्स्ट्रा या डच गृहस्थानं हा पेच कागदावर सोडवून दाखवला. रिक्षावाल्यांपर्यंत तो कागद आलेला नाही.

दाराशी किती वेळ ताटकळायचं? मी टाइमआउट लावला: पाच सेकंद. पण सी भाषेतलं ते कुलूप 'किती वेळ' विचारतच नाही, 'किती वाजेपर्यंत' विचारतं, आणि मोजायला सुरुवात करतं १ जानेवारी १९७० पासून. म्हणजे माझी मुदत माझ्या जन्माआधीच संपलेली! आत कुणी असलं की थ्रेडला तत्काळ उत्तर यायचं, 'नाही मिळालं.' ते उत्तर मी वाचतच नव्हतो. थ्रेड खुशाल आत घुसायचा, वर निघताना दुसऱ्याचं कुलूप उघडून यायचा. जालन्याच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पैठणचा पत्ता छापून गेला.

"टाइमआउट टाकलाय ना?" साहेबांनी विचारलं.

"टाकलाय, सर." टाकला होताच की.

उत्तर वाचायला लागलो, तर थ्रेड रिक्षावाल्यासारखे वागू लागले. एकाच्या हातात एक कुलूप, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि हवं समोरच्याचं. मुदत संपली की दोघं हातातलं सोडून मागे, पुन्हा एकदमच पुढे. काम शून्य. खरं तर सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमानं घ्यावीत. ते जमत नसेल, तर मागे सरल्यावर प्रत्येकानं चिठ्ठी काढल्यासारखं वेगवेगळा वेळ थांबावं.

कमानीत मला हे आठवलं. गाडी मागे घेतली आणि मनात सात मोजायला लागलो. तीनवर माझ्या डावीकडून एक स्कूटी शिरली. चारवर तिच्यामागे दुधाच्या कॅनवाली मोटारसायकल. सात झाले तेव्हा रिक्षावाला कमानीत अडकलेला, समोर आठ दुचाक्या, आणि तो बघत होता माझ्याकडे.