मुंबई ते गोवा, मार्गे बंपर

मुंबईहून पुणे, कोल्हापूर, आंबोली करत गोव्याला निघालेल्या माणसाला प्रवासवर्णनं किल्ले दाखवतात, धबधबे दाखवतात, झणझणीत मिसळ कुठे मिळते तेही सांगतात. याच रस्त्यावर जागोजागी फुकट बघायला मिळणारं एक स्थळ मात्र त्यांच्यातून हटकून सुटतं: एकमेकींना घासून उभ्या राहिलेल्या दोन गाड्या, त्यांच्यामध्ये दोन चालक आणि भोवती बघे. शहाणी माणसं याला भांडण म्हणतात आणि काच वर करून पुढे जातात. माझ्या मते ते रीतसर न्यायालय आहे, आणि पाच-सात हजारांच्या नुकसानीपुरतं त्याच्याइतकं स्वस्त न्यायालय आपल्याकडे दुसरं नाही. कुणाला खरचटलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी डॉक्टर आणि पोलीस. चेपलेल्या पत्र्याचा आणि फुटलेल्या बंपरचा खटला मात्र इथेच चालावा.

कारण इतर दारं ठोठावून बघा. नवा बंपर सहा हजारांचा धरू. बंपर प्लास्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात. उरले तीन हजार. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये मालकाने सोसायचे, उरले दोन. रंगकाम-मजुरीचं जे काही मिळेल ते वर. एवढ्यासाठी दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो. पाच वर्षं कुणाला न धडकता, किंवा धडकूनही गप्प बसून, कमावलेली ५० टक्क्यांची सवलत जाते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीचा हप्ता वर्षाला दहा हजार असेल, तर पुढच्या पाच वर्षांत साडेबारा हजारांची सवलत हातची जाते. ‘झीरो डेप’ घेतलं असेल तर घसारा वाचतो, पण त्याचा हप्ता जास्त आणि बोनस जायचा तो जातोच. मग समोरच्याच्या विम्यातून वसूल करा, असं कुणी म्हणेल. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे, खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत सोयही असते. फक्त चूक त्याचीच होती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. सहा हजारांच्या बंपरसाठी वकील लावणाऱ्या माणसाचा बंपर सोडून आणखी काहीतरी हललेलं असतं.

तेव्हा उरतं रस्त्यावरचं न्यायालय, आणि त्याची कार्यपद्धती मैलागणिक बदलते. मुंबईतून बाहेर पडताना सायन-पनवेल रस्त्यावर सुनावणी तीन मिनिटांत आटोपते, कारण मागचे हॉर्न हेच तिथलं वरिष्ठ न्यायालय. दोघे अर्धेच बाहेर येतात, ‘देख के चला ना’ एवढाच युक्तिवाद होतो आणि आपापलं आपण भरायचं, असा निकाल कुणी न सांगताच लागतो. द्रुतगती मार्गावर लेनमध्ये उतरून वाद घालणं म्हणजे पुढच्या अपघाताला आमंत्रण. म्हणून सुनावणी पुढच्या फूड मॉलपर्यंत तहकूब होते आणि वडापाव हातात आला की निम्मी फिर्याद आपोआप मागे घेतली जाते. पुण्यात पैशाला दुय्यम स्थान. ‘मुळात तुम्ही या लेनमध्ये आलातच कसे?’ इथून सुरुवात. मग इंडिकेटर दिला होता का, दिला असल्यास किती आधी, आणि इंडिकेटर दिल्याने वळण्याचा हक्क मिळतो की नुसती इच्छा व्यक्त होते. शेवटी भरपाई कुणीच घेत नाही, पण समोरच्याने चूक कबूल करावी हा आग्रह सिग्नल चार वेळा हिरवा होईपर्यंत सुटत नाही. कोल्हापूरच्या बाजूला तोंड उघडायच्या आधीच पंच हजर. ‘काय पाव्हणं, बघून चालवायचं की,’ असं दोघांनाही एकदम सुनावून चहा सांगितला जातो. या पंचांत एक हटकून गॅरेजवाला असतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर यायला वेळ लागतो, हा मात्र वाकून बघतो, अंगठ्याने दाबतो आणि ‘नवा कशाला, तापवून सरळ करतो, हजार द्या’ म्हणून सहा हजारांचा खटला हजारावर आणतो. या न्यायालयाची खरी कमाई ही. चूक कुणाची हे ठरो न ठरो, किंमत ठरते.

हे न्यायालय बेकायदा चालतं, असाही आक्षेप येईल. आंबोलीच्या घाटात तो टिकत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे १९८९च्या वाहतूक नियमांनी लिहून ठेवलं. चढणीला थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं किती जिकिरीचं असतं, हे ट्रकवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. ‘मी चढणीला होतो’ म्हटलं की उतरणाऱ्याचं वकीलपत्र संपलं. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तरी थांबता येईल एवढं अंतर ठेवा, असंही नियम सांगतो. रस्ता त्याचं ‘मागच्याची चूक’ एवढं सार काढतो, आणि मागचा लगेच ‘तुमचा ब्रेक लाइट तरी लागतो का?’ असा उलटतपास सुरू करतो.

गंभीर आक्षेप दुसराच आहे: इथे मोठा आवाज जिंकतो. ‘गाडी कुणाची आहे माहीत आहे का?’ या प्रश्नापुढे पुरावा लटका पडतो, आणि परक्या राज्याची नंबरप्लेट असेल तर पंच बोलायच्या आधीच कलतात. हा दोष खराच, त्याची वकिली मी करणार नाही. बघे सहसा लहान गाडीच्या बाजूने असतात, म्हणजे ट्रकविरुद्ध कारच्या आणि कारविरुद्ध दुचाकीच्या, तेवढीच काय ती भरपाई. युरोपात म्हणे दोघे चालक एकच फॉर्म भरून, आकृती काढून, सह्या करून घरी जातात. जातात खरे, पण ही सही म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. चूक कबूल न करण्याची सोय त्यांनी कागदावर केली, आपण घशाने करतो. राहिला डॅशकॅम. कोण कुणाला धडकलं ते तो दाखवतो, बंपर हजारात सरळ होईल का हे सांगत नाही. शिवाय स्वतःचा वेगही त्यात उमटतो, म्हणून पुष्कळांचा डॅशकॅम नेमका त्याच दिवशी बंद असतो.

पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी हाती घेतली की मात्र हे न्यायालय बरखास्त होतं. धडक कुणीही दिलेली असो, मालकाकडे अनामत जमा असते आणि ओरखड्याचा दर त्यानेच ठरवलेला असतो. पंच नाहीत, गॅरेजवाला त्याचाच, चहासुद्धा आपल्याच खर्चाने. सावध पर्यटक म्हणून गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फिरून एकेका चऱ्याचं चित्रण करतो. मालक शेजारी शांतपणे उभा असतो. त्याने आपलं चित्रण सकाळीच उरकलेलं असतं.