वेढा परदेशी हवा

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवर स्कूटर लावायला जागा मिळत नाही, पण कुणा संग्राहकाच्या वन-बीएचकेत अख्खी जर्मन शिबंदी सुखानं मावते. म्हणजे तिचे कागद मावतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी लोरियाँ, ब्रेस्लाउ अशा वेढलेल्या ठाण्यांत वाटलेली पदकांची प्रमाणपत्रं. छापील फॉर्म संपले की साध्या कागदावर टाइप करायचं, वर शिक्का, खाली सही. ब्रेस्लाउ ६ मे १९४५ ला पडलं. कागदावरची तारीख त्या दिवसाच्या जितकी जवळची, तितकी किंमत चढी. नक्कलही सोपी: जुना टाइपरायटर, पिवळा कागद आणि भाविक गिऱ्हाईक.

वेढाच हवा, तर घरचा होता की! इराकातल्या कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत अडकलेली ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. भाकरीचे हाल, मग घोड्याचं मांस, ते खावं की नाही याचा घोळ, शेवटी शरणागती. पुढे हजारो शिपाई कैदेत मेले. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुणचार झोडत राहिले, आणि त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी अदबीनं परत पाठवला. कुत्र्याची सुटका आधी.

शिपायाच्या घरी आलं असेल ते ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं, कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं. अशी कितीतरी मेडलं सराफाच्या काट्यावर चढली आणि पैंजण होऊन उतरली. कागद उरलेच, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. सोसायटी पुनर्विकासाला निघाली की ती रद्दीवाल्याकडे जाते, आणि तिकडे जर्मनीहून मागवलेल्या कागदाला ॲसिड-फ्री प्लास्टिक चढतं.