हालांचा दुष्काळ

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाची खरी मिळकत म्हणजे झालेले हाल. गड चढून आलेला माणूस गडाविषयी फारसं बोलतच नाही. एसटी कशी हुकली, धुक्यात वाट कशी हरवली आणि शेवटी टाक्यातलं शेवाळ बाजूला सारून पाणी कसं प्यायलो, हे तो सांगतो. आमचे साडू या बाबतीत गर्भश्रीमंत. खुबी फाट्याला उतरून हरिश्चंद्रगडावर निघालेले साडू घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात टोलार खिंडीच्या पुढे वाट चुकतात, आणि दर लग्नागणिक थोडी जास्तच चुकतात.

त्यांची मुलगी नोकरीनिमित्त बर्नला असते. तिच्याकडे आम्ही दोन्ही जोडपी गेलो, तेव्हा साडूंनी पहिल्याच जेवणात जाहीर केलं, "केबलकारने वर जाऊन फोटो काढणं आपलं काम नव्हे. सरकारी बसने जायचं आणि दरीत पायी हिंडायचं." सरकारी बस म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मी ओळखलं. रात्री त्यांनी सॅकमध्ये टॉर्च, सुतळी, मेणबत्त्या भरल्या आणि मेहुणीकडून दोन दिवस टिकतील अशा दशम्या करून घेतल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, संध्याकाळी सहाला तुम्ही घरी असाल." साडू नुसते हसले. टोलार खिंड पाहिलेल्या माणसाचं ते हसू होतं.

ठिकाण ठरलं होतं कीनटाल. बर्नी आल्प्समधली ही एका बाजूची दरी. राइखनबाख स्टेशनावर रेल्वेतून उतरलं की बाहेर पिवळी पोस्टबस उभी असते. ती आपल्या गाडीची वाट बघत असते. म्हणजे खरोखरच बघत असते, वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं. १९८२ पासून या देशाने रेल्वेचं सगळं वेळापत्रक तासातासाच्या ठेक्यावर बांधलंय आणि बसने त्या ठेक्यावर पाय टाकायचा असतो. साडू फलाटावरून रुमाल काढूनच धावले. बसच्या खिडक्या बंद होत्या, त्या उघडायची सोयच नव्हती, आणि आत निम्म्या जागा रिकाम्या होत्या. उभी हयात जोपासलेली एक कला हातात तशीच राहिली.

गावं मागे पडली, त्शिंगेल तळं आलं. हे तळं १९७२ सालचं. वादळी पावसात डोंगरावरून दगडमाती वाहून आली, ओढा अडला आणि तळं झालं. साडूंनी ही माहिती फार आदराने ऐकली. तळ्यानंतर मात्र रस्ता जो उठतो तो ग्रीसाल्पलाच बसतो. चढ २८ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की अठ्ठावीस मीटर वर. पोस्टबसचा युरोपातला सर्वांत उभा रस्ता तो हाच. जंगलातली वळणं इतकी आवळलेली की मुद्दाम आखूड बस ठेवलीय. "ब्रेकचा वास येतोय का हो?" साडूंनी मला विचारलं. स्वरात काळजी नव्हती, आशा होती. वास पाइनचा येत होता.

आंधळ्या वळणावर ड्रायव्हर हॉर्न देतो, तेही तीन सुरांत. रोसिनीच्या 'विल्यम टेल' या १८२९ च्या ऑपेरातून घेतलेले सूर. घाटात संगीत वाजवून बाजूला व्हायला सांगणं हे मला जरा अतीच वाटलं, पण समोरची भारीतली मोटार खरंच निमूट मागे मागे गेली. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेल्या डोंगरी रस्त्यावर बस-ड्रायव्हर सांगेल ते मोटारवाल्याने ऐकायचं, असा तिथे कायदाच आहे. वरंध घाटात हा कायदा आला तर आपले एसटी-ड्रायव्हर काय काय सांगतील, या विचारात आम्ही वर पोचलो.

ग्रीसाल्पला उतरताच साडूंनी वाट चुकायची तयारी केली. पण समोर खांब, आणि खांबावर पिवळ्या पाट्यांचा झाडोरा. बुंडाल्प इकडे, गामखी तिकडे, २७७८ मीटर उंचीची होहतुर्ली खिंड त्याच्याही पलीकडे. अंतर कुठेच लिहिलेलं नाही, लिहिलीय ती वेळ. सपाटीवर तासाला ४.२ किलोमीटर हा हिशेब धरून, त्यात चढ-उतार मिळवून ती काढतात. विश्रांती धरत नाहीत. आमच्या सौ.चं प्रत्येक फुलापाशी वाकणं आणि साडूंचं धाप लपवायला निसर्गाकडे बघणं हे सगळं आपापल्या खात्यावर. पुढे दगडादगडावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा. चुकायचंच म्हटलं तर डोळे मिटून चालावं लागेल.

याचं मूळ एका शाळामास्तरात आहे. मोटारी वाढून पायी चालणाऱ्यांना रस्त्यावर जागा उरेना, तेव्हा योहान याकोब एस या शिक्षकाच्या पुढाकाराने १९३४ मध्ये वाटांसाठी संघटना उभी राहिली. आज अशा सुमारे ६५,००० किलोमीटर वाटा आहेत आणि १९७९ पासून पायवाटेचा उल्लेख थेट राज्यघटनेत आहे. हे मी साडूंना सांगितलं. "मास्तर लोकांचं हे असंच," ते म्हणाले. "कुणाला चुकू देत नाहीत."

एवढ्यात सत्तरीपुढच्या दोन आज्या हातात काठ्या घेऊन मागून आल्या, हसून अभिवादन करून पुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

कुरणाच्या फाटकावर पाटी होती : वासरं जपणाऱ्या गाईंपासून लांब राहा. साडू दम खात बसले होते, ते उठले. गाईने मान वर केली, साडूंकडे पाहिलं, आणि तिला ते गवतापेक्षा महत्त्वाचे वाटले नाहीत. तहान लागावी तर लाकडी डोणीत गार पाणी पडत होतं. भूक लागावी तर कुरणावरच्या खाणावळीत रोश्टी मिळाली. किसलेला बटाटा लोण्यात खरपूस परतलेला. साडूंनी सबंध ताट संपवून त्यात दाण्याचं कूट नसल्याबद्दल नापसंती दर्शवली. दशम्या सॅकमध्ये तशाच.

परतीच्या थांब्यावर आलो आणि साडूंचा चेहरा उजळला. सबंध शाळाच्या शाळा बससाठी उभी! बस आली ती एवढीशी. पोरं चढली, बस भरली, दार लागलं. "आता आली का पंचाईत!" साडू हात चोळत म्हणाले. सॅकमधून टॉर्च निघाला, मेणबत्त्या निघाल्या. २८ टक्क्यांचा उतार, अनोळखी जंगल, दोन बायका बरोबर. पुढच्या लग्नापुरती सोय झाली होती. मेहुणीने दशम्यांचा डबा उघडायला घेतला.

ड्रायव्हरने आमच्याकडे बघून मागे बोट दाखवलं. गर्दी दिसली म्हणून जादा गाडी ठेवली होती. ती येऊन उभी राहिली, पूर्ण रिकामी.

"बसा हो साडू," मी म्हटलं, "खिडकी घ्या."

"घेतो," ते म्हणाले. मग पायरीवर थांबून, ड्रायव्हरला कळणार नाही अशा मराठीत त्यांनी त्याला विचारलं, "एखादा दिवस तरी बंद पडते का रे ही?"