सुईवरून सरकीपर्यंत

किन्हीराजात लोकरीचं विणकाम करणाऱ्या बाईकडे लोक आधी कौतुकानं बघतात आणि नंतर काळजीनं. मालेगाव तालुक्यातलं आमचं हे गाव. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिकडेच मुक्काम ठोकतो. थंडी दिवाळीनंतर येते, संक्रांत झाली की निघते, आणि तेवढ्यापुरती कानटोपी बाजारात तयार मिळते. अशा गावात भर मे महिन्यात मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन पंख्याखाली बसलेल्या बाईचं काहीतरी बिनसलंय, असं कोणालाही वाटणारच. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आल्यागेल्याला स्वतःहून सांगून टाकतात, "तब्येत चांगली हाय तिची. हे असंच हाय."

हे असंच म्हणजे कसं, ते सांगते. भाचीच्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतला होता. बाळाच्या स्वेटरला लोकर कमी लागते, काम पटकन होतं, असा समज आहे. पण विणणारी थांबते, बाळ थांबत नाही. मी पाठ विणली तेव्हा ते पालथं पडत होतं. पुढचा भाग होईस्तोवर रांगायला लागलं. एक बाही उतरली तेव्हा ते अंगणात कोंबडीमागे पळत होतं. मग मी तो स्वेटर त्याच्या पाठच्या भावंडासाठी राखून ठेवला. भाची म्हणाली, "मावशी, आम्ही दुसऱ्याचा विचारच केला नाही अजून." मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, माझीही एक बाही व्हायची आहे.

ह्यांच्यासाठी मुद्दाम बिनबाह्यांचा घेतला. बाह्याच नाहीत म्हटल्यावर अडेल कशाला? तो गळ्यापाशी अडला. गळ्याला टाक्यांचं गणित करावं लागतं आणि गणिताला सलग तासभर तरी कोणी हाक मारता कामा नये. ते एकदा पिशवीत डोकावून म्हणाले, "हाफ स्वेटर म्हणजे अर्धाच करतात काय?" शिवाय एक मोजा पुरा आहे. एका पायाच्या माणसाला तो आजही देता येईल.

आता कोणी म्हणेल, एक पूर्ण करून दुसरं घ्यावं. असं म्हणणाऱ्या माणसानं कधी सुया हातात धरलेल्या नसतात. विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात. सुई काढली की ओळीच्या ओळी उसवत खाली जातात. म्हणजे अर्ध्या राहिलेल्या प्रत्येक वस्तूला तिची सुयांची जोडी अडकवूनच ठेवावी लागते. मग हातात सुया नसतात, म्हणून नवी जोडी आणावी लागते. आणि नव्या कोऱ्या सुया रिकाम्या ठेवणं कोणत्या गृहिणीला बरं दिसेल? त्यावर टाके घालावेच लागतात. यात माझा दोष कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. सुयांचे नंबरही सरळ नाहीत. आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालते, तिच्यात बारा नंबरची सुई दहा नंबरच्या सुईपेक्षा बारीक असते. नंबर चढतो, सुई उतरते.

1589 साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र तयार केलं. त्याचं जिच्यावर मन होतं ती बाई सारखी विणत बसायची, त्याच्याकडे बघायचीच नाही, म्हणून चिडून त्यानं यंत्र काढलं, अशी दंतकथा आहे. ही गोष्ट मी ह्यांच्या कानावर जाऊ दिलेली नाही. घरात वेल्डिंग मशीन आहे.

तर हातातलं अडलं की बाईनं काय करावं? माझा अनुभव असा, की नवीन काहीतरी शिकायला घ्यावं. नुसती बसलेली बाई आळशी ठरते, पण शिकत असलेल्या बाईला कोणी बोलत नाही. "शिकून रायली ती," एवढं सांगितलं की अर्धवट स्वेटरांचा विषय आपोआप मागे पडतो. अपुऱ्या कामावर पांघरूण घालायला याहून सभ्य उपाय मला तरी माहीत नाही, आणि ते पांघरूणही आपणच विणायला घेतलेलं असलं तर आणखी बरं.

पहिल्यांदा क्रोशा घेतला. क्रोशात जिवंत टाका एकच असतो. काम मध्येच टाकलं तरी त्या एका टाक्याला पिन लावली की झालं, सुई मोकळी. हे कळलं तेव्हा माझ्यासारखीला रान मोकळं मिळालं. जावेच्या मुलीच्या रुखवतासाठी तोरण घेतलं. रुखवतात ताटंवाट्या, शेव-पापड्या, मण्यांचा हत्ती, सगळं मांडलं गेलं. तोरण तेवढं चौकटीच्या अर्ध्यापर्यंत पोचलं होतं. अक्षता पडल्या, मुलगी नांदायला गेली. तोरण अजून माहेरी आहे.

मग एका दुपारी मी लोकरीच्या गुंड्यावरची चिठ्ठी वाचली. इतकी वर्षं वाचली नव्हती, कारण लोकरीवर काय वाचायचं? तिथे लिहिलं होतं, शंभर टक्के अॅक्रिलिक. अॅक्रिलिकचा कच्चा माल खनिज तेलापासून निघतो. म्हणजे आजवर मी जिला लोकर म्हणत होते तिच्याशी मेंढीचा काही संबंध नाही. नातं लावायचंच तर पेट्रोल पंपाशी लावावं लागेल. मला फार वाईट वाटलं. एवढी अर्धवट कामं केली, पण एकही अस्सल धाग्याचं नाही!

खरी लोकर मिळवायची तर मेंढी लागते. पिकं निघाल्यावर धनगरांचे कळप येतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. मी एका मेंढपाळदादाला लोकर मागितली. दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिची घोंगडी होते, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणलेली, पावसात अंगावर घ्यावी अशी. दादानं विचारलं, "कायले पायजे?" मी म्हटलं, बाळाच्या स्वेटरला. त्यानं मूठभर लोकर माझ्या मनगटावर घासली आणि काही न बोलता पुढे गेला. मनगट संध्याकाळपर्यंत खाजत होतं.

मग डोक्यात आलं, आपण वऱ्हाडात राहतो! 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे धावली ती या कापसापायी. आणि त्या मातीतली मी, पेट्रोल विणत बसले होते. तेव्हा सूत आपणच काढायचं असं ठरवलं.

इथे घरातूनच विरोध झाला. आत्याबाई दर चातुर्मासात लक्षवात करतात. लाखभर वाती, बोटांनी वळून, मोजून, जुड्या बांधून. दुपारी जेवणं आटोपली की भिंतीला टेकून बसायचं, रुईचा पुंजका घ्यायचा, सरकीचा कण दिसला तर चिमटीनं काढायचा आणि तळहातावर एक पीळ द्यायचा. तोंडानं गावातल्या सगळ्या घरांचा हिशेब चालू. त्यांनी दुसरी कोणतीही कला कधी शिकायला घेतलेली नाही, आणि त्यांची लक्षवात कधी अर्धी राहिलेली मी पाहिली नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा, असं ह्यांचं मत आहे.

"तुले साधी फुलवात वयता येत नाही," आत्याबाई म्हणाल्या, "अन् सूत काढाले बसली?"

टकळी माळ्यावर सापडली, त्यांच्याच शाळेतली. 1937 च्या वर्धा परिषदेतून नई तालीम निघाली, हाताला काम देणारं शिक्षण आलं, आणि पुढे कित्येक वर्षं शाळांमधून टकळीचा तास होत राहिला. दिसायला वस्तू अगदी गरीब, एक तार आणि खाली पितळेची चकती. ती गरगरली की पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून धागा ओढायचा. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब असतो. ओढ जरा जास्त झाली की तुटलं, कमी झाली की दोरखंड. चकती जमिनीवर पडून इतक्यांदा खणखणली, की शेजारची आरती सुरू झाली समजून प्रसादाला आली.

पण मी धीर सोडला नाही, कारण मी गांधीजींचं आत्मचरित्र वाचलेलं आहे. त्यात ते सांगतात, की 'हिंद स्वराज्य' लिहून चरख्याचा महिमा गायला तेव्हा आपण चरखा किंवा माग पाहिल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. पुढे गंगाबेन मजमुदार शोधत फिरल्या आणि बडोदे संस्थानातल्या विजापूरला त्यांना चरखा सापडला. तेव्हा आधी जाहीर करायचं आणि मग शिकायचं, या पद्धतीला देशात मोठी परंपरा आहे. 1929 मध्ये तर चांगला चरखा करून दाखवणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं होतं. ते कोणालाच मिळालं नाही. लाखाच्या आशेनं जे देशातल्या कारागिरांना साधलं नाही ते फुकटात मला साधावं, अशी अपेक्षा सासरच्यांनी तरी ठेवू नये.

सुताचा नंबर काढायची रीत मला मात्र फार आवडली. 840 यार्डांची एक लड. अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरचं सूत म्हणजे पौंडात 16,800 यार्ड. म्हणजे इथेही नंबर चढला की धागा बारीक! सुयांच्या जगातून आलेल्या बाईला हे माहेरच्या माणसासारखं वाटतं. माझं सूत वीतभर अंतरात दोन नंबरवरून चाळीस नंबरवर जातं आणि परत येतं. आत्याबाईंनी ते उजेडात धरून पाहिलं. "हे सूत हाय का सुतळी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

मधल्या काळात तांड्यावरच्या एका बाईंकडे बंजारा भरतकाम शिकायलाही गेले होते. पोहरादेवीच्या यात्रेत त्यांची आरसे-कवड्यांची कांचळी पाहून मी हरखले होते. कापडावर रेघ ओढायची नाही, वहीत नमुना नाही, सगळं डोक्यात आणि बोटांत. त्यांनी माझी पिशवी उघडायला लावली, आतले सगळे तुकडे एकेक करून चटईवर मांडले, आणि म्हणाल्या, "बाई, यातलं एक पुरं कर, मंग ये." अशी अट घालणाऱ्या गुरूकडे शिकणं मला परवडण्यासारखं नाही.

टकळीवर हात बसू लागला तसा नवा पेच पडला. विकतची रुई गिरणीतून दाबून येते, तिचे पेळू नीट होत नाहीत. आपला ताजा वेचलेला कापूस हवा. सरकी काढल्यावर कापसातून रुई उरते वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. हा हिशेब मी ह्यांना जेवताना ऐकवला आणि म्हटलं, सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालता, त्यातलं एखादं तास कपाशीचं घालाल का?

घास हातातच राहिला. आमच्याकडे कपाशी मोडून सोयाबीन आलं ते काही हौसेनं आलेलं नाही. वेचणीला माणसं मिळत नाहीत, गुलाबी बोंडअळीनं कंबरडं मोडलं, भावाचं न बोललेलं बरं.

"एका तासासाठी फवारणीचा पंप पाठीवर घेऊ?" ते म्हणाले. "बोंडअळी पाहते काय, हे स्वेटरचं हाय, हे सोडून देऊ?"

तोडगा आत्याबाईंनी काढला. "न्हाणीपाशी देवकापूस लाव ना," म्हणाल्या. "पाणी आयतंच भेटते." देवकापूस म्हणजे वातींसाठी दारात लावतात ते बहुवर्षायू झाड, त्याची सरकी बोटांनी सहज सुटते, ती काढायला रेचा लागत नाही. शेलूबाजारच्या नणंदबाईंनी बिया पाठवल्या, मृगात लावल्या, उगवल्यासुद्धा. रोप टाचेएवढं झालं नाही तोच त्याच्या कापसाची वाटणी झाली. पहिला मान लक्षवातीचा, मग गणपती-गौरींच्या वस्त्रमाळा, मग गावातल्या ज्या ज्या म्हाताऱ्यांनी शब्द टाकलाय त्या. उरलं तर माझं.

तोवर हात रिकामे ठेवणं बरं नाही. शिवारात पळस आहेच. फाल्गुनात फुलं गोळा करून उकळली की पिवळा-केशरी रंग निघतो, तो धरायला तुरटी लागते. तुरटी मी मालेगावहून आणून ठेवली आहे, पातेलंही बाजूला काढलं आहे. रंगवायला पुरेसं सूत नाही, तेव्हा सुरुवात ह्यांच्या पांढऱ्या बनियनांपासून करायची, असं सध्या तरी ठरतंय.