लग्नाचा पीपॅप

लग्न झालं की नाही, हे आपल्याकडे कागद बघून ठरवायची रीत कधी नव्हती. पंगती उठल्या, एखाद्या आत्याबाईंचा रुसवा निघाला, शेवटच्या पंगतीला मठ्ठा कमी पडला, की लग्न झालं. पुढे कुणी शंका काढलीच, तर मठ्ठा न मिळालेली माणसं साक्षीला गावभर हजर. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या लॉन्सवर दर मोसमात इतकी लग्नं लागतात, पण 'तुमचं लग्न खरं कशावरून?' असं तिथल्या एकाही जोडप्याला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. ते विचारलं कॅनडा सरकारनं, आणि विचारलं माझ्या भाचीला.

भाची सायली चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. जावई ऑन्टारियोत नोकरीला, तिथला कायम रहिवासी. लग्नाची रजा संपली, जावई विमानात बसले आणि इकडे बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज सुरू झाला. यात नवरा 'स्पॉन्सर' आणि बायको 'अर्जदार'. आमच्या घरानं तोवर स्पॉन्सर हा शब्द फक्त गणेश मंडळाच्या कमानीवर वाचला होता.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत चौथा नियम मोठा रोखठोक आहे. लग्न खरं नसेल, किंवा मुख्यतः त्या देशात शिरकाव मिळवण्यासाठीच केलेलं असेल, तर सरकार त्या नवरा-बायकोला नवरा-बायको मानत नाही. मग तुमची वरात भले बँजो लावून मध्यरात्रीपर्यंत चाललेली असो. २०१२ ते २०१७ या काळात तर नव्या जोडप्यांना आणखी एक अट होती: तिथे पोहोचल्यावर दोन वर्षं एकत्र नांदून दाखवा, तरच मुक्काम पक्का. ती अट आता गेली. पुरावा मात्र राहिला, आणि तो आधीच द्यायचा.

मी घाबरलो. भाची शांत. म्हणाली, "मामा, कशाला टेन्शन घेता? हा पीपॅपच आहे."

चाकण पट्ट्यात पीपॅप हा शब्द चहाच्या टपरीवरही कानावर येतो. गाडीचा एखादा भाग, मग तो साधा ब्रॅकेट का असेना, मोठ्या कंपनीला पुरवायचा तर आधी अठरा बाबींची फाइल मंजूर करून घ्यावी लागते. ड्रॉइंग, मोजमापं, धातूच्या चाचण्या, कंट्रोल प्लॅन, नमुना, आणि जबाबदारी घेणाऱ्या सहीचं पान. आज भाग चांगला निघाला एवढ्यावर भागत नाही. उद्या आणि परवाही तो तसाच निघेल, हे कागदावर दिसावं लागतं. 'लिहिलं नाही तर झालं नाही' हे तिथलं ब्रह्मवाक्य. भाचीनं त्याच शिस्तीनं लग्न हाती घेतलं. अर्ज ऑनलाइन जातो, तरी घरात रंगीत सेपरेटर घातलेली जाडजूड फाइल आली. लॅपटॉपवर तक्ता तयार झाला: कागद, जबाबदार व्यक्ती, तारीख, स्थिती. राहिलेलं काम लाल, झालेलं हिरवं. तिची आई, म्हणजे आमची ताई, तो तक्ता बघून दोन दिवस नाराज होती. "एवढं लग्न उरकलं, आणि मलाच लाल केलं?"

ताईच्या लाल रकान्यात विवाह नोंदणीचा दाखला होता. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे तो अर्ज भरायचा तर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींचीही. साक्षीदार म्हणून सही करायला अकराजण पुढे आले. भटजी मात्र सापडेनात. फोन लावला की मागे मंगलाष्टकंच ऐकू यायची. शेवटी भोसरीत एका वास्तुशांतीच्या मांडवात, होमाचा धूर डोळ्यांतून पुसत, त्यांनी सही केली आणि विचारलं, "कुणाचं लग्न म्हणालात?"

नंतर नावांचा घोळ. आपल्या पासपोर्टवर नावाचे रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत त्यात मावत नाही, त्यामुळे ते मुलीच्या नावालाच चिकटून बसतं. परदेशातल्या साहेबाला वाटतं, हिचं नावच 'सायली बाळासाहेब'. त्यात फॉर्म विचारतो, याआधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का? माहेरचं, टोपण, काहीही असेल ते लिहा. सायलीची आजी तिला ठमी म्हणायची, भाऊ अजून सायडी म्हणतो, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नाव मृण्मयी लिहिलं गेलं. त्या नावानं आजवर फक्त एका आत्येसासूबाईंनी हाक मारली आहे, तीही दोनदा मारावी लागली, कारण पहिल्या हाकेला सायलीनं वळूनच पाहिलं नाही.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशी आठवतात. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीनं नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांची तिथली यजमानीण, रोसेलच्या कार्पेंटरबाई, कशी मिळाली? गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं, आणि दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत बाई ते मासिक चाळत बसल्या होत्या. एवढ्या ओळखीवर घराचं दार उघडलं. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव मागे राहिले आणि बायकोच्या पाठोपाठ यथावकाश तिकडे पोहोचले. आजच्या हिशेबानं ते बायकोवर अवलंबून असलेले पतिराज. आजचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांच्या स्वभावाचा माणूस काय म्हणाला असता, याची कल्पना न केलेली बरी.

अर्जाचा सगळ्यात निर्दय भाग म्हणजे मागच्या दहा वर्षांचा हिशेब. कुठे राहिलात, काय करत होतात, महिन्यागणिक लिहा. मध्ये भोक नको. डिप्लोमा संपला आणि नोकरी लागली, या दोहोंत सायलीचे काही महिने मोकळे निघाले. या काळात काय करत होता? ताई म्हणाली, "लिही, घरी बसली होती." ही 'बसलेली' मुलगी पहाटे उठून गोठा बघायची, भावाचा डबा करायची, कांदा काढणीला बायकांना घेऊन मळ्यात जायची आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरायची. फॉर्मला त्याचं काही नाही. त्यानं एकच विचारलं, पगार होता का? नव्हता. मग बेरोजगार. पत्त्याचीही तीच गत. घर मारुतीच्या देवळामागं, हे पोस्टमनला, गॅसवाल्याला आणि सगळ्या तालुक्याला ठाऊक. फॉर्मला रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर हवा. शिवाय घर होतं तिथेच राहिलं आणि पोलीस बदलले: १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय झालं आणि चाकणचं ठाणं पुणे ग्रामीणकडून तिकडे गेलं. पोलिसांचा ना-हरकत दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, पण चौकशी ठाण्यामार्फतच होते. चौकशीला आलेल्या हवालदारांना ताईनं चहाबरोबर लग्नाचा अल्बमही दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. बिचाऱ्यांचा नाइलाज होता, कारण चहा फार गरम होता.

फोटो मात्र वीसच जोडायचे. अल्बम तीन, पेनड्राइव्ह दोन, आणि त्यातून वीस! प्री-वेडिंगचे फोटो पहिल्या फेरीतच बाद झाले. लोणावळ्याच्या धुक्यात धुराच्या रंगीत नळकांड्या धरून दोघं उभी आहेत, सायली म्हणाली, "यात आम्ही भाड्यानं आणल्यासारखे दिसतो." स्टेजवरच्या फोटोंत दोघांच्या मध्ये कायम कुणीतरी तिसरं: आहेराचं पाकीट देणारे, पाकीट न देता फक्त फोटो काढणारे, आणि एका फोटोत एक माजी उपसरपंच, जे दोन्हीकडच्यांना आमच्यापैकी वाटले होते. नवरा-बायको जवळ असल्याचा पुरावा अखेर मिळाला तो जेजुरीत. नव्या नवरीला उचलून नवरा खंडोबाच्या गडाच्या काही पायऱ्या चढतो, ही आपली जुनी रीत. चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर बायकोला उचलून घ्यायची मराठी माणसाला मिळणारी ही बहुधा एकमेव अधिकृत संधी. फोटोत भंडाऱ्यानं दोघंही पिवळीधमक झालेली, जावयांच्या कपाळावर घाम, सायलीचा एक हात त्यांच्या गळ्यात आणि दुसऱ्या हातात त्यांची चप्पल. मागे सासरे, काही पडलंच तर झेलायला. या एका फोटोनं वीस फोटोंचं काम केलं असतं.

गप्पांचे कागद दहाच पानं चालतात. ऑन्टारियो आणि चाकण यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक; दुसरी पाळी संपवून सायली बसमध्ये बसते तेव्हा तिकडे दुपार असते. मला वाटलं, ही दहा पानं मामानं बघू नयेत अशी असतील. तिनंच दाखवली. 'जेवलास?' 'हो.' 'काय?' 'खिचडी.' 'परत?' 'बस मिळाली?' 'तळेगाव चौकात अडकलीय.' 'अजून?' 'अजून.' महिन्यामागून महिने तळेगाव चौक आणि खिचडी. मी म्हटलं, अगं, साहेबाला यात प्रेम कुठे दिसणार? ती म्हणाली, "खोटं लग्न करणारा माणूस रोज खिचडीची चौकशी करत नाही, मामा." घरची पूजा झाली त्या दिवशीचा उखाण्याचा व्हिडिओही तिच्याकडे होता. 'तळेगाव चौकातून निघेना एकही गाडी, अमोलरावांचं नाव घेते नेसून पैठणी साडी.' हा पुराव्यात घालायचा मोह तिनं टाळला, कारण साडी पैठणी नव्हती.

जावयांनी हमीपत्रावर सही केली. बायकोच्या पालनपोषणाची तीन वर्षांची जबाबदारी. मध्ये घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. ताई दर वटपौर्णिमेला सात जन्म मागून घेते. तिला तीन वर्षं फारच कमी वाटली. दाजींनी यावर मत दिलं नाही.

आणि मग तो प्रश्न आला. तुमची ओळख कुणी करून दिली? केव्हा, कुठे, कशी?

आमच्या घरात या प्रश्नाचे दावेदार पाच. स्थळ मी आणलं, असं मी लग्नभर सांगत होतो. माझे साडू म्हणतात, मुलाचा बायोडाटा त्यांच्या फोनवर आधी आला. दाजींचं म्हणणं, वधू-वर मेळाव्याची पावती त्यांनी फाडली. सासरच्या मावशी म्हणतात, त्यांनी सायलीला एका बारशात आधीच हेरून ठेवलं होतं. आणि ताई सगळं श्रेय चिंचवडच्या मोरयाला देते, म्हणजे आमच्यापैकी कुणालाच काही मिळत नाही. बैठक रंगली, आवाज चढले. सायलीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. "प्रश्न मला विचारलाय," ती म्हणाली.

खरंच की. बघायचा कार्यक्रम, देणंघेणं, सुपारी, मुहूर्त, हॉल या सगळ्या भानगडीत आम्ही एकमेकांना शेकडो प्रश्न विचारले होते. 'मुलीची पसंती आहे ना?' हेही विचारलं होतं, पण ताईला. तुझं कधी ठरलं, कशानं ठरलं, हे खुद्द तिला कुणी विचारलं असेल तर ते समुद्रापलीकडच्या एका सरकारी कागदानं, तेही संशयापोटी.

तिनं लिहिलं ते मला वाचायला दिलं. ओळख करून देणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं, हे नमूद करतो. पण पुढचं वर्णन माझ्या ओळखीचं नव्हतं. पोहे झाल्यावर दोघांना गच्चीवर पाठवलं होतं. खाली आम्ही पत्रिका जुळवत होतो. वर अमोलनं तिला विचारलं, रात्रपाळीत माल रिजेक्ट निघाला तर लाइन कोण थांबवतं? ती म्हणाली, मी. तो म्हणाला, बरं. लग्नानंतर नोकरी सोडशील का, हे त्यानं विचारलंच नाही. तिचं तिथेच ठरलं. आम्ही त्यानंतर दहा दिवस गुण मोजत बसलो होतो.

अमोलनं तिकडून त्याच्या बाजूचं लिहून पाठवलं. तीच तारीख, तीच गच्ची. पण त्याचं ठरलं ते त्याच्याही आधी, खालीच. पोह्यांची ताटली ठेवताना ती म्हणाली होती, "मीठ जरा कमी झालंय." आपल्या हातचा दोष गिऱ्हाइकानं दाखवायच्या आत सांगणारी मुलगी त्याला आवडली.

माझ्या पोटात गोळा आला. दोघांची उत्तरं वेगळी! साहेब नेमकं इथेच पकडणार. सायली हसली. "मामा, तारीख जुळते, जागा जुळते. कारणं वेगळीच असणार. दोन माणसांची मोजमापं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली ना, की आमचा ऑडिटर आधी तीच फाइल उचलतो."

अर्ज गेला आहे. आता वाट बघायची. एवढ्यात मी मात्र एका मतावर आलो आहे, आणि माझ्याकडे स्थळांची चौकशी करायला येणाऱ्यांना ते सांगतोही. हा फॉर्म लग्न झाल्यावर परदेशात जाणाऱ्यांनीच का भरायचा? पोह्यांच्या ताटल्या उचलल्या की मुलाला आणि मुलीला एकेक प्रत द्यावी, वेगवेगळ्या खोल्यांत बसवावं, आणि कुणी पटवलं, कशानं पटलं, की पटलंच नाही, हे ज्याचं त्यानं लिहावं. वडीलधाऱ्यांनी तोवर हॉल बुक करू नये. बरीच लग्नं मोडतील, अशी ताईला भीती वाटते. मला वाटतं, जी मोडतील ती परवडली. ॲडव्हान्स तरी वाचेल.