काडीपेटी गेटवर ठेवा

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत कामाला जाणाऱ्याला काडीपेटी आत नेता येत नाही. आत स्फोटकं आणि प्रोपेलंट तयार होतात, तेव्हा नियम कडकच हवा. पण आख्खी पाळी काडीविना काढलेला माणूस बाहेर आल्यावर काय करतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नाही. तो ठाणा पेट्रोलपंपाच्या पानठेल्यावर येऊन टेकतो आणि तिथे जी काडी लावतो, ती रात्री नऊपर्यंत विझत नाही.

(बाहेरगावच्यांसाठी: पेट्रोलपंप ही आमच्याकडे वस्ती आहे. बसमध्ये ‘पेट्रोलपंप एक’ म्हटलं की कंडक्टर मुकाट तिकीट देतो, किती लिटर ते विचारत नाही.)

निर्माणीत काय चालतं हे इथे कुणी बोलत नाही. घरीसुद्धा ‘आज काय केलं?’ याचं उत्तर ‘काम’ एवढंच. साठच्या दशकात कारखाना आला, तेव्हापासूनची ही शिस्त. मग तोंडाला काहीतरी काम हवं, ते राजकारण पुरवतं. 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. ही गोष्ट ठेल्यावरचा प्रत्येक जण अशी सांगतो, की याच्या आजोबांनी मत बरोबर दिलं होतं, घोळ केला तो उरलेल्या जिल्ह्याने.

अलीकडचं तर विचारूच नका. 2014 ला नाना पटोलेंनी प्रफुल्ल पटेलांना पाडलं आणि 2017 संपायच्या आत खासदारकी सोडूनही दिली. मग 2018 ची पोटनिवडणूक, तीही 28 मेला. भंडाऱ्याचा मे! मतदानाची यंत्रं धडाधड बंद पडली, उन्हाचं कारण पुढे आलं आणि 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. “मशीनले आपल्या इकडचं ऊन कसं सोसन जी?” एक काका अजून म्हणतात, “तिच्या डोक्याले दुपट्टा बांधाचा होता.” मधुकर कुकडे निवडून आले, पण वर्षभरासाठी. पुढे 2019 ला सुनील मेंढे, 2024 ला प्रशांत पडोळे. शाळेतल्या पोरांना सामान्य ज्ञानाच्या पेपरात ‘आपले खासदार कोण?’ हा प्रश्न आमच्याइतका अवघड दुसरीकडे कुठे जात नसेल.

या सगळ्यात तटस्थ राहतो तो एकटा ठेलेवाला. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून तो पाटीवर खर्रा घोटत असतो. समोरचा ‘हे सरकार पडते’ म्हणाला, की “हो जी”. बाजूचा ‘दहा वर्षं हलत नाही’ म्हणाला, की “तेही बरोबर हाय जी”. वाद तापला की त्याचा हातही जोरात चालतो, आणि पुड्या भराभर खपतात. लोकशाहीचा रोख फायदा जवाहरनगरात घेतला असेल तर यानेच.

1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. आमची गेली म्युनिशन्स इंडियात, मुख्यालय पुण्याला. कर्मचारी मात्र सरकारीच, फक्त कंपनीत ‘मानीव प्रतिनियुक्तीवर’. खुर्ची तीच, पंखा तोच, डबाही तोच, आणि माणूस प्रतिनियुक्तीवर! हे दोन वर्षांसाठी होतं, मुदत वाढत गेली. आमच्या ओळखीचे एक गुरुजी बदलीसाठी चपला झिजवून थकलेत. त्यांनी हे ऐकून हात जोडले, “अशी बदली आमाले मिळन का जी?”

24 जानेवारी 2025 बद्दल मात्र ठेल्यावर कुणी गंमत करत नाही. त्या सकाळी निर्माणीत झालेल्या स्फोटात माणसं गेली. तेव्हापासून कितीतरी घरांत ‘आज काय केलं?’ हा प्रश्न बंद झाला. आता ‘आलात का?’ एवढंच विचारतात.

बाकी व्यवहार चालूच. महागाई भत्ता दोन टक्के वाढल्याची बातमी कर्मचाऱ्याच्या आधी भाजीवालीला लागते, आणि टमाटर त्याच दिवशी वाढतात. आठव्या वेतन आयोगाचं नुसतं नाव निघालं तर प्लॉटवाले फोन करू लागले. आयोगाचा अहवाल यायचा तेव्हा येईल, यांचा भाव आजच आला.

परवा ठेल्यावर बोनसवरून जुंपली. एका बाजूला निर्माणीवाले, दुसऱ्या बाजूला धानवाले. “तुमचा बोनस दसऱ्याले खात्यात,” एक शेतकरी म्हणाला, “आमचा नागपूरच्या अधिवेशनात. तिथून तो निंगते, पण खात्यात पोचेपर्यंत दुसरं अधिवेशन लागते.” निर्माणीवाले म्हणाले, आमचा कापून येतो. शेतकरी म्हणाला, कापायला आधी यावा तर लागतो! आवाज चढले, मांड्यांवर थापा पडल्या.

ठेलेवाल्याने घोटणं थांबवलं. “भाऊ, बोनस कोनाचाही येवो. माही उधारी कवा देता जी?”

त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं, की उशीर फार झाला आहे.