न चालणाऱ्या गाडीचं ऑइल

इंजिन ऑइल कधी बदलायचं, याबाबत गाडीसोबत मिळणारं पुस्तक ठाम असतं. बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते. हे लिहिणाऱ्याने गाडी चालते असं गृहीत धरलेलं आहे. संध्याकाळी पुण्याजवळच्या नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, कुरुळी करत चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत पोचलेल्या माणसाला हे गृहीतक जरा उद्दामच वाटेल. टाटा, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज या सगळ्यांनी ज्या पट्ट्यात गाड्या बनवायच्या ठरवल्या, त्याच पट्ट्यात बनलेल्या गाडीला फाटकाबाहेर हलायला जागा नाही. इंजिन मात्र चालूच असतं, एसीसकट. अशा ठिकाणी ऑइलचं वय किलोमीटरमध्ये मोजणं म्हणजे कामगाराचा ओव्हरटाइम त्याने टाकलेल्या पावलांवर काढणं. साधा हिशेब बघा. ताशी सरासरी पन्नासच्या वेगाने दहा हजार किलोमीटर कापायला इंजिन दोनशे तास चालतं. सरासरी पंधरावर आली, की त्याच दहा हजाराला साडेसहाशेहून जास्त तास लागतात. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच तरुण दिसतात.

बरं, तासांचा हिशेब या भागाला नवा आहे असंही नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये कॉम्प्रेसर आणि जनरेटरचं ऑइल तासांवरच बदललं जातं. चाकणच्या बाजारात ट्रॅक्टरने कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यासमोर तासांचा मीटर असतो आणि अडीचशे तासांच्या आसपास तो ऑइलचं बघतो. त्याच कोंडीत शेजारी उभ्या असलेल्या मोटारीतला माणूस दिवसभर कारखान्यातल्या यंत्रांचे तास नोंदवून आलेला असतो. स्वतःच्या गाडीत बसला की मात्र त्याला फक्त किलोमीटर दिसतात. यावर कोणी म्हणेल, ट्रॅक्टर नांगर ओढतो, तुमची गाडी गाणी ऐकत उभी असते. दोघांचा तास एक कसा? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी मोटारीला अडीचशे तासांचा नियम लावत नाही. पण उभ्या गाडीचे स्वतःचे उद्योग असतात. घरापासून कंपनीपर्यंतची फेरी छोटी असेल तर ऑइल नीट तापत नाही, आणि त्यात उतरलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांची तर आणखी तऱ्हा. त्यांच्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. कोंडीत हे जाळणं वारंवार अर्धवट राहिलं, की त्यातलं काही डिझेल झिरपून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो, की आपली गाडी ऑइल पीत नाही.

'कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं' हा पुढचा आक्षेप. कळतंच. म्हणून तर त्याच पुस्तकात, सहसा कोणी उघडत नाही अशा पानावर, प्रतिकूल वापराची यादी असते: धूळ, उष्णता, सतत थांबत-थांबत चालवणं, छोट्या फेऱ्या. अशा वापरात ऑइल लवकर बदला, असं कंपनीच सांगते. ही यादी वाचताना लिहिणारा आंबेठाण चौकात एक शिफ्ट उभा राहून आला असावा अशी शंका येते. आपण ज्याला रोजचं म्हणतो त्याला पुस्तक प्रतिकूल म्हणतं, एवढाच मतभेद.

दुसऱ्या टोकाला गॅरेजवाले. त्यांचा आकडा पाच हजार, गाडी कुठलीही असो. पुराव्यादाखल डिपस्टिक फडक्याला पुसून काळा डाग दाखवला जातो आणि गिऱ्हाईक ओशाळतं. पण ऑइलमधली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत तर काही दिवसांतच. काळेपणा हा काम चालू असल्याचा पुरावा आहे, संपल्याचा नव्हे. 'लवकर बदललं तर बिघडलं काय?' तर खिशातले पैसे, आणि दर वेळी तीन-चार लिटर वापरलेलं तेल. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच जायला हवं. गटारीमार्गे पवना नदीला नव्हे.

तेव्हा रोज चाकणची वारी करणाऱ्याने सहा-सात हजारांवर बदलावं, हे माझं मत. मुख्यतः एक्सप्रेसवेवर धावणाऱ्याने दहा हजार खुशाल पुरे करावेत. प्राधिकरण भागातल्या ज्या गाडीला वर्षातून एकदा खंडेनवमीचा हार मिळतो आणि एरवी भाजी आणण्यापलीकडे काम नसतं, तिने 'एक वर्ष' हा शब्द पाळावा. पडून राहिलेल्या ऑइललाही ओल आणि आम्ल सोडत नाही. आपण कुठल्या गटात मोडतो ते कळायला बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. लोक मायलेजचा आकडा सोसायटीभर सांगतात, हा मात्र लपवतात. महिन्यातून एकदा डिपस्टिकही बघावी. गाडी फक्त सपाट जागी उभी हवी, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशी जागा रिकामी होईपर्यंत पुढचं सर्व्हिसिंग येतं.